मेथडिस्ट बोर्डिंगातलं एक वर्ष (बेळगाव, 1986-87) - ज्यांनी काढलंय त्यांनी लिहा

गुंजीकर_72

परवा पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसलो होतो, शेजारच्या पाव्हण्याने विचारलं, तुम्ही मिशनच्या बोर्डिंगात होता म्हणे, मग तुम्हाला बाटवलं नाही काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात मठ्ठेवाला आला आणि विषय तिथंच राहिला. पण घरी आल्यापासून डोक्यात तेच फिरतंय म्हणून इथं लिहून टाकतो. शाळेचं नाव घालणार नाही, मेथडिस्ट मिशनचं पोरांचं बोर्डिंग, कॅम्पच्या अंगाला, एवढं पुरे. तीन वर्षं काढली पण लिहितोय ते नववीचं, कारण त्या वर्षी मी घंटीवाला होतो.

जून 1986. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन त्याच जूनमध्ये पेटलेलं, गोळीबार झाला, माणसं गेली, आमच्या गावात रोज संध्याकाळी देवळासमोर कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचायचा. शाळा उघडली तरी मी घरीच. शेवटी आबा म्हणाले बसचा काय भरवसा नाही, गाडीनं जाऊया. तेव्हा मीटरगेज होती, गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर, बेळगाव, आणि पाऊस असा की खिडकीची फळी खाली ओढून बसलो तरी मांडीवर पाणी. स्टेशनपासून बोर्डिंगपर्यंत ट्रंक आबांनी डोक्यावर घेतली, वर घोंगड्याची खोळ, मागनं मी तांदळाचं गठुडं घेऊन. फी अर्धी पैशात आणि अर्धी तांदळात असायची आमची. ट्रंकेवर नाव घातलं होतं ते बेंदराला बैलांची शिंगं रंगवणाऱ्या माणसाने, त्याने आडनावात एक काना जास्त मारला, त्या कान्यावरून मला वर्षभर जे नाव पडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बोर्डिंगाची यादी यायची पोस्टाने. कुलपाची ट्रंक, सतरंजी, घोंगडं, ताट वाटी तांब्या, दोन खाकी चड्ड्या, दोन पांढरे शर्ट, आणि शेवटी लिहिलेलं, बायबल असल्यास. 'असल्यास' हे त्या पाव्हण्याला सांगायचं राहिलं. माझ्या ट्रंकेत आईने मारुतीस्तोत्राची चोपडी घातली होती कपड्यांच्या तळाशी, मला माहीतच नाही. वॉर्डन सर ट्रंका तपासायचे (विडी, पत्ते, खाऊ यासाठी), त्यांच्या हाताला ती लागली. मी गार. सरांनी चोपडी उलटीपालटी करून बघितली, परत होती तिथंच ठेवली आणि म्हणाले, ओल लागंल, खताच्या पिशवीत गुंडाळून ठेव.

साठेक पोरं होतो. निम्मी ख्रिश्चन, निम्मी आमच्यासारखी मराठे, लिंगायत, इतर. खानापूर जांबोटीकडची मराठी, गोकाक बैलहोंगलकडची कन्नड, निपाणी चिकोडीकडच्यांना दोन्ही भाषा येत म्हणून त्यांना भाव. सकाळची प्रार्थना एक दिवस मराठीत, एक दिवस कन्नडमध्ये. मराठीच्या दिवशी "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" आलं की 'भाकर' वर साठच्या साठ पोरं, कन्नडवाली पण, एवढ्या जोरात ओरडायची की स्वयंपाकघरातनं मावशी म्हणायच्या, आज भातच हाय बाळांनो. कन्नडमध्ये तिथं नुसतं आहार येतं, त्यात मजा नव्हती.

पुढचं उद्या लिहितो, टाइप करून अंगठा दुखूलालाय.

कुंदा_नाना

वा गुंजीकर! मी तुमच्या वीस वर्षं आधीचा, 1966-67, बोर्डिंग वेगळं पण मिशनचंच. आमच्या वेळी दुष्काळाचे दिवस, रेशनला लाईन, बोर्डिंगात अमेरिकेहून आलेलं मक्याचं पिवळं पीठ आणि दुधाची पावडर. त्या पिठाची भाकरी थापली की फुटायची म्हणून उप्पीट करायचे, सकाळी पण तेच रात्री पण तेच. पावडरचं दूध मला अजून वासानं ओळखता येतं. आम्ही ती पावडर कोरडीच चोरून खायचो, टाळ्याला चिकटून बसायची, नेमके वॉर्डन काहीतरी विचारायचे आणि बोलता यायचं नाही, लगेच पकडले जायचो.

तुम्हाला भात तरी होता की!

स्पष्टवक्ता

छान लिहिलंय पण मूळ प्रश्नाला बगल दिली. मिशनने शाळा काढल्या त्या काय फुकट काढल्या? तांदूळ दिला, शाळा दिली, हळूच प्रार्थना पण दिली. 'असल्यास' वगैरे ठीक आहे. रोज पहाटे उठवून प्रार्थना म्हणायला लावणं याला काय म्हणायचं?

पाळकाचा_पोरगा

@स्पष्टवक्ता, प्रश्न विचारायला हरकत नाही, पण 'बाटवलं' हा शब्द आमच्या कानाला कसा लागतो तेवढं सांगतो. माझ्या पणजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, आणि ते धर्म बदलायच्या आधीपासून. मग बाटलं ते काय? असो, भांडायला आलो नाही.

थोडी माहिती टाकतो, कारण मेथडिस्ट म्हणजे काय ते बोर्डिंगात राहून पण लोकांना माहीत नसतं. अठराव्या शतकात ऑक्सफर्डला जॉन वेस्ली, त्याचा भाऊ चार्ल्स आणि त्यांचे दोस्त ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या वेळी अभ्यास, ठरलेल्या दिवशी तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जायचे. बाकीची पोरं चिडवायची, आले बघा पद्धतवाले म्हणून. तेच नाव चिकटलं. या वेस्लीने 1748 ला ब्रिस्टलजवळ किंग्सवूडला पोरांची शाळा काढली, बोर्डिंगच, तिथं पोरांना पहाटे 4 ला उठवायचे आणि खेळायला वेळ म्हणून नव्हताच, त्याचं म्हणणं लहानपणी खेळणारा मोठेपणी पण खेळतच राहणार. तेव्हा आपली पाचची घंटी म्हणजे चैन समजा.

बेळगावात पहिल्यांदा आले ते लंडन मिशनवाले, 1820 ला. किल्ला पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला 1818 ला, म्हणजे दोनच वर्षांत. त्यांनी 1904 मध्ये इथलं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे दिलं. आणि 1981 पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वतंत्र आहे, अमेरिकेच्या हाताखाली नाही. गुंजीकरांच्या वेळचे वॉर्डन, पाळक सगळे इथलेच असणार, बहुतेक गदग धारवाडकडचे कन्नड.

गुंजीकर_72

बरोबर ओळखलंत, सर कन्नडच होते, मराठी बोलायचे पण रागावले की कन्नड. "सुम्न कुंदर" म्हणजे गप बस हे मी कन्नडमधलं पहिलं शिकलो.

@स्पष्टवक्ता, सांगतो की, पण वर्षाच्या क्रमाने सांगू दे.

जुलै ऑगस्ट म्हणजे खरूज. बाकी काही आठवत नाही म्हटलं तरी चालेल. बेळगावचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत, पंधरा पंधरा दिवस ऊन नाही, चड्ड्या वाळायच्या नाहीत, ओल्याच घालायच्या आणि मग बोटांच्या बेचक्यात सुरू. शनिवारी दुपारी व्हरांड्यात सगळ्यांनी उघडं होऊन लाईन लावायची, बाई (सरांच्या मिसेस, त्यांना सगळे बाईच म्हणायचे) एका पत्र्याच्या डब्यातनं गंधकाचं मलम द्यायच्या, एकमेकांच्या पाठीला लावायचं. मराठा, लिंगायत, ख्रिश्चन, सगळी पिवळी. वास असा की शाळेत वरच्या वर्गातली घरून येणारी पोरं आमच्या बाकावर बसायची नाहीत. त्यानंतर ढेकूण. ऊन पडलं रे पडलं की सतरंज्या बाहेर, ट्रंका बाहेर, उकळतं पाणी फटींत.

पाच वाजता घंटी. घंटी म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, आंब्याला तारेनं टांगलेला, त्यावर लोखंडी बोल्टानं हाणायचं. घड्याळ माझ्याकडे नव्हतंच, स्वयंपाकघराच्या खिडकीत मावशींचं गजराचं घड्याळ असायचं, ते बघायचं आणि हाणायचं. मग खोलीत येऊन प्रत्येकाला हलवायचं, "पाच वाजले, उठा, पाच वाजले". प्रार्थना, अभ्यास, मग कामं. कुणी पाणी ओढायचं, कुणी लाकडं फोडायची, कुणी मळ्यात. फणसाखालचे संडास धुणं ही शिक्षेची पोस्टिंग. त्या फणसावर भूत आहे अशी जुनी बातमी होती, आम्ही मोठी पोरं ती दरवर्षी नवीन पोरांना रंगवून सांगायचो.

गणपतीला आम्हाला दोन दिवस घरी सोडायचे. ज्यांचं घर लांब ती राहायची आणि रात्री गेटापाशी उभी राहून ढोल ऐकायची. गेटाबाहेर जायचं नाही असा नियम, पण गेट त्या दहा दिवसांत रात्री नऊपर्यंत उघडं असायचं, एरवी सातला कुलूप. नियम मोडला नाही आणि पोरांना पण बघायला मिळालं.

सगळ्यात भारी 1 नोव्हेंबर. बेळगावबाहेरच्या लोकांना सांगतो, त्या दिवशी कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि आपला काळा दिवस, 1956 ला बेळगाव त्यांच्या राज्यात गेलं तेव्हापासूनचं हे. त्या वर्षी तर जूनची जखम ताजी. आदल्या रात्री खोलीत गट पडले, मराठी पोरांनी दंडाला बांधायला काळी फीत म्हणून छत्रीचं कापड फाडलं (छत्री निपाणीच्या पोराची, त्याला विचारलं नव्हतं), कन्नड पोरांकडे लाल पिवळी पताका. पहाटे प्रार्थनेत सर काहीच बोलले नाहीत. आमेन झालं आणि म्हणाले, आज रताळी काढायची, सगळ्यांनी. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी, कुदळी कमी होत्या म्हणून दोघांत एक, आणि जोड्या त्यांनीच लावल्या, एक मराठी एक कन्नड. दिवसभर. बेळगावची लाल माती, ऊन, संध्याकाळी ढीग एवढा की मावशी कपाळाला हात लावून बसल्या. रात्री उकडलेली रताळी आणि गूळ, पोट फुटेस्तोवर. फीत कुठं गेली कुणाला आठवलं पण नाही. छत्रीचं मात्र भांडण मार्चपर्यंत चाललं.

ही रताळी मग सुगीच्या सणाला. चर्चमध्ये वेदीसमोर ऊस, भाताच्या लोंब्या, दुधी, नारळ, पाय बांधलेल्या कोंबड्या, लोकांनी आणलेलं सगळं मांडायचं आणि उपासना झाली की बाहेर अंगणात लिलाव. पाळकसाहेब एरवी एवढे सौम्य माणूस, लिलावाला उभे राहिले की भाजी मार्केटातला दलाल. "पाच रुपये एक वार, पाच रुपये दोन वार, देवाला लाजू नका, सहा म्हणा!" त्या वर्षी एक कोंबडी सुटली आणि पेटीवर जाऊन बसली.

निपाणीकर

छत्री माझी नव्हती पण निपाणीची बदनामी थांबवा 😀

कोंबडी शेवटी कितीला गेली?

गुंजीकर_72

अकरा रुपये. वॉर्डन सरांनीच घेतली. आम्हाला वाटलं रविवारी रस्सा. कसलं काय, अंडी घालते म्हणून ठेवली, फेब्रुवारीत मुंगसाने नेली.

सूनबाई_टिळकवाडी

मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. माझे सासरे असेच वॉर्डन होते, दुसऱ्या गावी. तुम्ही लोक वॉर्डनांच्या गोष्टी सांगता ना, त्यांच्या घरातली बाजू कुणी सांगत नाही. माझा नवरा म्हणतो आम्ही वॉर्डनची पोरं म्हणजे ना घरची ना बोर्डिंगची. जेवण पोरांच्याच पंगतीत, वेगळं ताट नाही, घरात काही गोड केलं तर पोरांना वास जाईल म्हणून सासूबाई करायच्याच नाहीत. ह्यांच्या वाढदिवसाला केक आणला तर त्याचे चाळीस तुकडे झाले, ह्यांच्या वाट्याला आला तो नखाएवढा. अजून केक बघितला की मोजतात किती जण आहेत.

तुमच्या बाईंचं वाचलं गंधकाच्या मलमाचं, सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, हात महिना महिना पिवळे असायचे, लग्नाला जायला लाज वाटायची.

स्पष्टवक्ता

1 नोव्हेंबरचं आवडलं. पण काळा दिवस पाळू दिला नाही हे पण तेवढंच खरं ना.

गुंजीकर_72

खरंय. आणि पताका पण लावू दिली नाही. तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

आता नाताळ. गंमत अशी की नाताळच्या सुट्टीत ख्रिश्चन पोरं आपापल्या घरी जायची, आणि बोर्डिंगात राहायचो आम्ही, ज्यांना एवढ्या थोड्या सुट्टीत गाडीभाडं परवडायचं नाही ते. त्यात करोल पार्टीला आवाज कमी पडायचे. मग काय, पाळकसाहेबांनी आम्हालाच धरलं. कॅम्पातल्या ख्रिश्चन घरांपुढे कंदील, पेटी, तबला, झांजा घेऊन गाणी म्हणणारी पोरं निम्मी अधिक गळ्यात माळ असलेली. चाली ओळखीच्या, भजनाच्याच, एका गाण्याची चाल तर आमच्या गावच्या काकड्याचीच. आम्ही काकड्यासारखं शेवटी दुगण धरली, पाळकसाहेब एकदम खूष. प्रत्येक घरी करंजी, चकली, चहा. मी त्या चार रात्रींत जेवढं खाल्लं तेवढं दिवाळीत घरी नाही खाल्लं. 31 तारखेला रात्रीची उपासना, बारा वाजेपर्यंत जागायचं, आणि नवीन वर्षाचा करार, म्हणजे देवाला सांगायचं तू सांगशील ते काम करीन, मोठं दे नाहीतर हलकं दे. मी मनात म्हटलं संडास सोडून काय पण दे.

आणि आता घंटीची गोष्ट. जानेवारी, संक्रांतीच्या सुमाराची थंडी. त्या रविवारी पाळकसाहेबांनी शमुवेलची गोष्ट सांगितली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शमुवेल म्हणजे देवळात राहणारा पोरगा, त्याच्या आईने त्याला लहानपणीच तिथं नेऊन सोडलेला. रात्री झोपेत त्याला कुणीतरी हाक मारतं, तो उठून म्हाताऱ्या एलीकडे पळतो, तुम्ही हाक मारलीत? एली म्हणतो नाही बाबा, झोप जा. असं तीनदा. मग कळतं की हाक देवाची. ही गोष्ट माझ्या मनात फार बसली. घरापासून लांब देवळात झोपलेलं पोरगं म्हणजे आपणच की.

तर त्या आठवड्यात एका रात्री मला हाक आली. स्वप्न नव्हे, शपथेवर सांगतो. कुणीतरी खांद्याला धरून हलवल्यागत झालं आणि कानाशी "पाच वाजले". डोळे उघडले तर खिडकीतनं उजेड. मी घड्याळ बिड्याळ काही बघितलं नाही, सरळ धावत आंब्याखाली आणि दणादण घंटी. साठ पोरं उठली, तोंडं धुतली, कुडकुडत प्रार्थनेला बसली, सर मफलर गुंडाळून आले. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे होते, म्हणून मी बघितलं, सरांनी मधेच मनगट उजेडाकडे केलं आणि एचएमटी बघितलं. परत बघितलं. कानाला लावलं. तीन वाजून दहा मिनिटं. उजेड होता तो टिपूर चांदण्याचा.

त्यांनी प्रार्थना थांबवली नाही. पूर्ण केली आणि पोरांना म्हणाले, झोपा. पोरं वेड्यागत बघत राहिली. सकाळी मला ऑफिसात बोलावलं, पाळकसाहेब पण होते. मी रडत रडत सांगितलं की मला हाक आली, शमुवेलसारखी. सर काही बोलले नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, शमुवेल हाक आल्यावर आधी एलीला विचारायला गेला होता. तू निदान घड्याळाला तरी विचारायचं होतंस.

घंटी काढून घेतली. आठवडाभर आडाचं पाणी ओढायची शिक्षा, रोज सकाळी वीस घागरी. दुसऱ्या दिवसापासून गोकाककडचं एक सातवीतलं पोरगं न सांगता माझ्याबरोबर दोर धरायला यायला लागलं. माझ्या शेजारच्या सतरंजीवर झोपायचं, त्याला मराठी येत नव्हती आणि मला कन्नड जेमतेम, त्यामुळे आम्ही काही न बोलता घागरी भरायचो. माझ्या आयुष्यातली ती पहिली मैत्री म्हणेन मी.

मार्चमध्ये लेंथ सुरू झाला. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, काहीतरी आवडती गोष्ट सोडायची. सर म्हणाले यंदा बोर्डिंग रेडिओ सोडेल. राखेचा बुधवार होता 4 मार्चला. आणि शनिवारी 7 मार्चला अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध टेस्ट, गावसकर दहा हजारच्या उंबरठ्यावर, 58 हवे होते. अर्ध्या दिवसाची शाळा, दुपारी बोर्डिंग स्मशानासारखं शांत, कुणाचं डोकं अभ्यासात नाही. तीनच्या सुमाराला सरांच्या घरातनं एकदम कॉमेंट्री सुरू झाली, बारीक नाही, फुल्ल. बाई दारात उभ्या, मोठ्यानं म्हणाल्या, मी रेडिओ सोडलेला नाही, मी साखर सोडलेय. साठ पोरं खिडकीखाली. एजाज फकीच्या बॉलवर दहा हजार झाले, लोक मैदानात घुसले, खेळ थांबला, आणि आमचे सर व्हरांड्यात खुर्चीवर पुस्तक उघडून बसलेले, पान उलटत नव्हते.

परीक्षा झाल्या, ईस्टर त्या वर्षी 19 एप्रिलला, म्हणजे सुट्टीत. ट्रंक बांधताना मारुतीस्तोत्राची चोपडी खताच्या पिशवीतनं काढली, कोरडी ठणठणीत. त्या गोकाकच्या पोराने जाताना हातात करदंटाचा (गोकाकची मिठाई) पुडा कोंबला आणि पळून गेला. का ते कळलं नाही.

घरी पहिल्याच दिवशी आईने ताट वाढलं, मी सवयीने डोळे मिटले आणि हात जोडले. आई म्हणाली, डोळे आले काय रे? आबा म्हणाले, शिकलाय काहीतरी, राहू दे. खा आता.

तर @स्पष्टवक्ता, झालं ते एवढं. मी अजून माळकरी आहे, वारीला जातो. पण त्या रात्री मला हाक आली होती हे त्या सकाळी ऑफिसात सांगितलं ते सोडलं तर मी आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि ती कुणाची होती हे मला आज पण सांगता येणार नाही.

कुंदा_नाना

काय लिहिलंय राव. रेडिओवाल्या बाईंना नमस्कार.

हिडकल_ब्याकवॉटर

नमस्कार सगळ्यांना. मराठी लिहायची सवय न्हाई, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. बहिणीच्या मुलाने ही लिंक पाठवली, मामा हे तुमचंच बोर्डिंग काय बघा म्हणून. वाचत वाचत आलो आणि घाम फुटला.

गुंजीकर अण्णा, करदंट मी दिला होता.

38 वर्षं झाली, आता सांगतो. त्या रात्री मला लघवीला जोराची आली होती. फणसावर भूत हाय म्हणून तुम्हीच सांगितलेलं, एकटा जायला धाडस होईना. तुम्हाला उठवूया म्हटलं, पण मराठीत उठ कसं म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. तुम्ही रोज सकाळी आम्हाला हलवून जे म्हणायचा तेच मला पाठ. मला वाटायचं त्याचा अर्थच 'उठा' असा हाय. म्हणून खांदा धरून हलवलं आणि तेच म्हटलं.

तुम्ही उठून पळालात ते सरळ घंटीला. मी मागनं "अण्णा, अण्णा" करत व्हतो, तुम्ही ऐकलंच न्हाई.

सरांना मी दुसऱ्या दिवशी कन्नडमध्ये सगळं सांगितलं. ते लई हसले. म्हणाले, तूच जाऊन सांग त्याला. मला मराठी येत नव्हती, कसं सांगू? म्हणून पाणी ओढायला आलो.

निपाणीकर

😀😀😀😀

पाळकाचा_पोरगा

हे मी येत्या रविवारी चर्चमध्ये सांगणार, दोघांची परवानगी आहे असं धरतो.

गुंजीकर_72

अरे मर्दा!!

सकाळपासून तीनदा वाचलं. बायकोला दाखवलं, ती स्वयंपाकघरात जाऊन हसूलाल्ये, अजून बाहेर आली नाही.

एकच विचारतो. मग लघवीला गेलास कधी?

हिडकल_ब्याकवॉटर

घंटी झाल्यावर गेलो की. साठ पोरं उठली व्हती, आता भीती कसली.